कुले द सेरां : सतरा एकरांचा इतिहास

फ्रान्समध्ये लोआर नदीच्या उत्तर काठावर, आंजे शहरापासून पंधरा-एक किलोमीटरवर साव्हनियेर नावाचे गाव आहे. त्या गावच्या शिवारात सात हेक्टरांचा, म्हणजे आपल्या हिशेबाने सतरा एकरांचा, एक उभा उतार नदीकडे झुकतो. ‘कुले’ म्हणजे घळ. या घळीच्या अंगाखांद्यावर शेनिन ब्लाँ या एकाच जातीच्या वेली आहेत आणि त्यांच्या द्राक्षांची एकच कोरडी पांढरी वाइन होते. मळ्याचे नाव कुले द सेरां आणि वाइनचेही तेच. १९८४ साली हा सगळा मळा बायोडायनॅमिक, म्हणजे शेताला सजीव देह मानणाऱ्या, पद्धतीखाली आला, त्याला २०२४ मध्ये चार दशके झाली. ज्या व्याख्यानमालेतून ही पद्धत निघाली तिची शताब्दीही त्याच वर्षी भरली. या लेखाला निमित्त आहे ते या दुहेरी योगाचे.

हा मळा मला एक संस्था वाटतो. त्याला घटना नाही, सभासद नाहीत, कार्यकारिणी नाही. मग एका कुटुंबाच्या मळ्याला संस्था का म्हणायचे? फ्रेंच कायद्यातच याचे उत्तर आहे. तिथे वाइनला गावाचे किंवा शिवाराचे नाव लावण्याचा हक्क सरकारमान्य असतो, आणि अशा एका नावाखाली बहुधा शेकडो उत्पादक येतात. कुले द सेरां हे नाव मात्र एका मळ्याचे आणि एकाच मालकाचे आहे. बर्गंडीतला रोमाने-कोंती आणि ऱ्होन खोऱ्यातला शातो-ग्रिये असे मोजकेच मळे या पंक्तीत बसतात. मालक बदलले, राजवटी बदलल्या, तरी नाव जमिनीलाच चिकटून राहिले. ज्या संस्थेचे पदाधिकारी येतात-जातात आणि काम चालू राहते तिच्यात आणि या उतारात फारसा फरक नाही.

या मळ्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. गाईच्या शिंगात भरून पुरलेल्या शेणाने आणि चंद्राच्या कलांनी इथे चमत्कार केला, असे एका बाजूचे म्हणणे. दुसरी बाजू हे सगळे थोतांड ठरवते आणि उत्तम जमिनीला चांगला विक्रेता मिळाला एवढ्यावर विषय मिटवते. उपलब्ध पुरावा एकत्र मांडला तर दोन्ही मते लंगडी पडतात. पद्धतीमागचे तत्त्वज्ञान तपासणीत टिकत नाही, पण त्या तत्त्वज्ञानाने लावलेली शिस्त टिकते. वाइन घडली ती या शिस्तीमुळे. पुढचा इतिहास या दृष्टीने वाचावा.

पूर्वपीठिका : ११३० ते १९५९

इथली पहिली लागवड ११३० च्या सुमारास सिस्टर्सियन पंथाच्या साधूंनी केली. अंगमेहनत ही या पंथाची उपासनाच होती, आणि उतारावर वेली लावणे म्हणजे अंगमेहनतीची कमाल. शेजारच्या शिवाराला आजही ‘रोश-ओ-म्वान’, म्हणजे साधूंचा खडक, असेच नाव आहे. याच खडकावरच्या किल्ल्याला १२१४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या जॉन राजाने वेढा घातला होता. फ्रेंच युवराज लुई चालून आल्यावर जुलैच्या आरंभी त्याला तो उठवून माघार घ्यावी लागली. त्याच महिन्यात बुव्हिनला त्याच्या मित्रांचा पराभव झाला आणि पुढल्या वर्षी स्वतःच्याच सरदारांपुढे नमून मॅग्ना कार्टाला त्याने संमती दिली. द्राक्षमळ्याच्या इतिहासात असा प्रसंग क्वचित सापडतो. राजेरजवाड्यांच्या आवडीनिवडीच्या कथाही पुष्कळ आहेत, पण त्या प्रत्येक जुन्या मळ्याला असतातच, म्हणून इथे त्या सोडून देतो.

जमिनीचा विचार मात्र सोडून चालणार नाही. आंजेचा परिसर पाटीच्या दगडासाठी प्रसिद्ध. घराच्या छपरांवर ज्या काळ्या पाट्या दिसतात तोच पापुद्र्यांचा खडक मळ्याच्या मातीखाली आहे, मधूनमधून गारगोटीही. माती पातळ आहे, पाणी थांबत नाही, आणि मुळांना खडकाच्या भेगांतून खाली उतरावे लागते. हे ठिकाण ४७ अंश उत्तरेला, नाशिक २० अंशांवर. इतक्या उत्तरेला शेनिन ब्लाँ जेमतेम पिकते. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला, दिवसा तापणारा आणि नदीवरच्या वाऱ्याने सुकत राहणारा उतार महत्त्वाचा. या जातीचा आंबटपणा मुळातच तीव्र असतो. थंड हवेत तो टिकून राहतो, आणि साखर पूर्ण आंबवून कोरडी केलेली वाइन वर्षानुवर्षे उभी राहते ती त्याच्या बळावर.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुर्नोन्स्की या टोपणनावाने लिहिणाऱ्या खाद्यसमीक्षकाने फ्रान्सच्या पाच सर्वश्रेष्ठ पांढऱ्या वाइनमध्ये कुले द सेरांला बसवले. माँराशे, इकेम, शातो-शालों आणि शातो-ग्रिये या बाकीच्या चार. कुर्नोन्स्की स्वतः आंजेचा, तेव्हा गावच्या अभिमानाची थोडी वजावट करायला हरकत नाही, पण यादीतली इतर नावे पाहता ती फार करावी लागत नाही. १९५२ मध्ये साव्हनियेरला सरकारी नाममान्यता मिळाली आणि १९५६ मध्ये कुर्नोन्स्की वारला. मळ्याची थोरवी बायोडायनॅमिक पद्धतीच्या कितीतरी आधीची आहे, हे या सनावळीतून निर्विवाद दिसते. मळ्याचे सगळे श्रेय शिंगाला देणाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे.

१९६० चे दशक : नवे विश्वस्त

१९६२ मध्ये आन्द्रे आणि डेनीझ जोली या दांपत्याने ही मालमत्ता घेतली. काळ उताराच्या शेतीला अनुकूल नव्हता. यंत्रे सपाट जमिनीवर धावत होती, कोरड्या शेनिनला मागणी कमी होती, आणि आसपासच्या अनेकांनी चढावरचे तुकडे सोडून दिले होते. नवे मालक आणि त्यांचे गडी यांनी वेली राखल्या, भिंती-इमारती सावरल्या आणि वाइनचे नाव पुसू दिले नाही. या दशकाबद्दल लिहिण्यासारखे याहून फार नाही, पण नावाची साखळी तुटली असती तर ती इथेच तुटली असती.

१९७० चे दशक : स्वस्तातला उपाय

पुत्र निकोलास जोली यांचे शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झाले आणि नोकरी गुंतवणूक बँकेत. दशकाच्या उत्तरार्धात ती सोडून ते मळ्यावर परतले. आईच्या हाताखाली कारभार सुरू होता. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना अधिकृत सल्ला मिळाला की नांगरटीवर, खुरपणीवर पैसा घालवू नका, तणनाशक मारा. हिशेबाने सल्ला बिनचूक होता. उतारावरची मशागत महाग आणि तणनाशक स्वस्त. जोलींनी तो मानला, आणि दोनएक वर्षांतच मातीचा रंग पालटल्याचे, किडे-पाखरे दिसेनाशी झाल्याचे त्यांच्या ध्यानात आले. पुढे त्यांनी हे पुस्तकांतून आणि भाषणांतून वारंवार सांगितले आहे.

एका मालकाच्या नजरेला पुरावा म्हणता येईल का? एकट्याने नाही. पण पुढच्या काही वर्षांत मृद्‌शास्त्रज्ञ क्लोद बुर्गिन्यों फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतली माती तपासत होते. बर्गंडीतल्या काही मळ्यांच्या मातीत सहारा वाळवंटापेक्षाही कमी जीवजंतू उरले आहेत, अशा आशयाचा त्यांचा इशारा गाजला. तो मुद्दाम ठसठशीत शब्दांत दिलेला होता हे उघड आहे, पण दिशा तीच. वारसा म्हणून मिळालेली जमीन एका पिढीत निकामी होऊ शकते, ही जाणीव त्या पिढीतल्या अनेकांना झाली. म्हणून कुर्नोन्स्कीच्या यादीवरून निघणारा आक्षेप, की थोरवी आधीचीच तर पद्धतीने काय केले, अर्धाच उरतो. जमीन थोर होती हे खरे, पण थोर जमीन आपोआप थोर राहत नाही हेही या दशकाने दाखवले.

१९८० चे दशक : शिंग, पाणी आणि पंचांग

रुडॉल्फ स्टायनरच्या शेतीविषयक विचारांवरचे पुस्तक जोलींच्या हाती आले ते याच टप्प्यावर. ७ ते १६ जून १९२४ या दिवसांत तेव्हाच्या जर्मनीतल्या कोबरविट्झ गावी, आज हे गाव पोलंडमध्ये आहे, स्टायनरने शेतकऱ्यांपुढे आठ व्याख्याने दिली. रासायनिक खतांनी जमिनीचा कस उतरतो आहे अशी त्या शेतकऱ्यांची तक्रार होती. स्टायनर शेतकरी नव्हता, तत्त्वचिंतक होता. पुढच्या मार्चमध्ये तो वारलाही. शेत हा एक सजीव देह आहे, त्याला लागणारे खत त्याच्याच गोठ्यातून यावे आणि कामे आकाशस्थ ग्रहांच्या गतीशी जुळवून व्हावीत, असा त्याच्या शिकवणीचा गाभा होता. १९२८ मध्ये या पद्धतीच्या मालासाठी ‘डीमीटर’ हे चिन्ह आले. गंमत अशी की स्टायनर मद्याच्या विरोधात होता. त्याच्या शिकवणीची सर्वांत प्रसिद्ध फळे आज बाटलीत विकली जातात हे त्याला रुचले नसते.

मराठी वाचकाला इथे आणखी एक १९२४ आठवायला हवे. त्याच वर्षी होळकरांच्या इंदुरात अल्बर्ट हॉवर्ड यांची संशोधनसंस्था उभी राहिली आणि शेण, पालापाचोळा, माती यांच्या थरांची ‘इंदूर पद्धत’ तिथून जगभर गेली. सेंद्रिय शेतीचे दोन झरे एकाच वर्षी दोन खंडांत फुटले. हॉवर्डने ढीग रचले, उलटले, मोजले. स्टायनरने काही न मोजता सांगितले. हा फरक पुढे कामाला येईल.

दशकाच्या आरंभी मळ्याच्या थोड्या भागावर प्रयोग झाला आणि १९८४ पासून सगळी जमीन नव्या पद्धतीने कसली जाऊ लागली. प्रत्यक्ष काम काय, हे जवळून पाहावे. शरदात, सुगी आटोपत आली की गाईची शिंगे ताज्या शेणाने ठासून भरतात आणि खड्ड्यात पुरतात. हिवाळाभर ती तिथेच राहतात. वसंतात उकरून काढली की आतले शेण काळे, भुसभुशीत झालेले असते आणि त्याला पावसाळी जंगलातल्या मातीचा वास येतो. एका हेक्टरला यातले शंभर ग्रॅमच्या आसपास पुरते. ते तीसेक लिटर कोमट पाण्यात टाकून तासभर ढवळायचे. काठी एका दिशेने फिरवत पाण्यात खोल भोवरा करायचा, मग एकदम उलटी फिरवून तो मोडायचा, आणि पुन्हा दुसऱ्या दिशेने. मग संध्याकाळी जमिनीवर सडा. दुसऱ्या प्रकारात शेणाऐवजी गारगोटीची पूड शिंगात भरून उन्हाळाभर पुरतात आणि तिचे काही ग्रॅम पाण्यात मिसळून सकाळी पानांवर फवारतात. शिवाय खताच्या ढिगात घालण्यासाठी वनस्पतींची विरजणे असतात. ही कामे कोणत्या दिवशी करायची ते चंद्र कोणत्या राशीत आहे यावरून ठरते. जर्मनीतल्या मारिया थून यांचे असे पंचांग १९६० च्या दशकापासून दरवर्षी निघत आले आहे.

हे वाचून आपल्याकडच्या माणसाला ओळखीचे वाटते. मृगाच्या पेरण्या, शेणाचा सडा, जीवामृत. म्हणजे आमचेच ज्ञान हे लोक आम्हाला परत शिकवतात, असा सूर लगेच निघतो. तो घाईचा आहे. मृग आणि आर्द्रा ही आपल्याकडे पावसाची घड्याळे आहेत. सूर्य त्या नक्षत्रात येतो तेव्हा मोसमी पाऊस येतो, हा अनुभवाचा ठोकताळा, आणि तो सौर आहे. राशीतल्या चंद्रामुळे मूळ, पान, फूल, फळ यांचे दिवस ठरतात हा दावा वेगळा आणि त्याला असा आधार नाही. दोन गोष्टींत शेण आहे म्हणून त्या एक होत नाहीत.

आता मुख्य आक्षेप. सात हेक्टरांना पाऊण किलोसुद्धा शेण नाही, यातून वेलीला कोणते अन्नद्रव्य मिळणार? खत म्हणून काहीच नाही, हे सरळ मान्य करावे. पण या एका तासाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले तर चित्र बदलते. जो माणूस वर्षातून कितीतरी वेळा पहाटे आणि संध्याकाळी सगळ्या ओळींतून चालत फवारा मारतो, तो वेली पाहतो. कोणत्या पानाखाली केवड्याचा डाग आहे, कोणत्या कोपऱ्यात भुरी सुरू होते आहे, कुठे माती घट्ट झाली आहे, हे त्याला आपोआप कळते. पद्धतीत आंतरप्रवाही बुरशीनाशक चालत नाही. चालते ते गंधक आणि मोरचूद, आणि तेही पानावर बाहेरूनच बसते, पावसाने धुऊन जाते. अटलांटिकवरून येणाऱ्या पावसाच्या प्रदेशात याचा अर्थ रोगाच्या आधी शेतकऱ्याने हजर असणे. ज्याने बोर्डो मिश्रणावर केवडा रोखला आहे त्याला हे वेगळे समजवायला नको. तणनाशक गेले म्हणून नांगर परत आला, उतारावर घोडे परत आले, गाई-मेंढ्या आल्या. तत्त्वज्ञान चंद्राचे असेल, त्याने माणसाला मळ्यात बांधून ठेवले.

हे काम एका कुटुंबाने एकट्याने केलेले नाही. छाटणी करणारे, घोड्यामागे चालणारे, शिंगे भरणारे आणि दरवर्षी परत येणारे तोडणीचे मजूर यांच्या हातांशिवाय सात हेक्टरांतल्या प्रत्येक वेलीकडे लक्ष देणे शक्य नव्हते. नव्या पद्धतीविषयी कोणाकोणाच्या शंका होत्या, मतभेद झाले. त्यांचा तपशील देण्याची ही जागा नव्हे. काम थांबले नाही एवढी नोंद पुरे.

१९९० चे दशक : तळघर आणि पुस्तक

एप्रिल १९९१ च्या हिमतुषाराने लोआर खोऱ्यातले कोवळे फुटवे करपवले. थंड हवामानातल्या बागेला हा धोका कायमचा असतो, आणि कोणत्याही पद्धतीला त्यावर उतारा नाही. मळ्याच्या शिस्तीचे दुसरे अंग, तळघरातले, या दशकात बाहेरच्यांच्या नजरेत भरले. शेनिन ब्लाँचे घड एकाच वेलीवरसुद्धा एकदम पिकत नाहीत. म्हणून तोडणी एका झटक्यात होत नाही. तीन-चार आठवड्यांत चार-पाच फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत फक्त सोनेरी झालेले घड हाताने काढतात. त्यात काही मणी वेलीवरच आक्रसलेले, बुरशीचा हलका हात लागलेले असतात, ते मुद्दाम घेतात. रस जुन्या, मोठ्या लाकडी पिंपांत जातो. आंबवण्यासाठी बाहेरचे यीस्ट घालत नाहीत, तापमान यंत्राने धरून ठेवत नाहीत, नव्या लाकडाची चव चढवत नाहीत. एवढ्या पिकलेल्या द्राक्षाची साखर पूर्ण आंबली की अल्कोहोल १४-१५ टक्क्यांवर जाते. तरीही वाइन कोरडी राहते.

एकरी हिशेब मांडला तर शिस्तीची किंमत कळते. हेक्टरी २० ते २५ हेक्टोलिटर रस म्हणजे एकरी जेमतेम एक ते दीड टन द्राक्षे. खाण्याच्या द्राक्षाचे एकरी आठ-दहा टन काढणाऱ्या बागाइतदाराला हा आकडा दुष्काळाचा वाटेल. पण एका वेलीवर घड कमी असले की प्रत्येक मण्यात सत्त्व जास्त येते, ही गोष्ट विरळणी करणारा प्रत्येक जण जाणतो. कुले द सेरांच्या गाढ चवीचे पहिले कारण इथे आहे, आणि त्यात गूढ काहीच नाही.

१९९७ मध्ये जोलींचे ‘आकाशापासून जमिनीपर्यंतची वाइन’ अशा अर्थाच्या फ्रेंच नावाचे पुस्तक निघाले आणि इतर भाषांत गेले. पुस्तकातल्या ऊर्जा, ध्रुवता, वैश्विक शक्ती या परिभाषेने शास्त्रज्ञ बिथरले आणि द्राक्षवाले खेचले गेले. पण तोवर पद्धतीचे अनुयायी केवळ स्वप्नाळू राहिले नव्हते. लोआर खोऱ्यातल्याच व्हुव्रेतला उए मळा १९९० च्या सुमारास वळला होता. बर्गंडीत लफ्लेव्ह घराण्याने वाफ्यावाफ्याने तुलना करून १९९७ पर्यंत सगळी जमीन वळवली. वाइनच्या भावावर ज्यांचे सर्वस्व अवलंबून आहे अशांनी हा निर्णय घेतला. याने सिद्धान्त सिद्ध होत नाही. मात्र ही फक्त जाहिरात आहे हा आरोप याने बराच पातळ होतो, कारण पीक घटवून आणि मजुरी वाढवून कोणी नुसती जाहिरात करत नाही.

२००० चे दशक : सनद आणि कसोट्या

२००१ मध्ये जोलींच्या पुढाकाराने ‘ला रनेसाँस दे अपेलासियों’ ही उत्पादकांची संघटना स्थापन झाली. नावाचा अर्थ नाममान्यतेचा पुनर्जन्म. जमिनीचे नाव बाटलीवर लावायचे असेल तर चव जमिनीचीच असली पाहिजे, विकतच्या यीस्टची नाही, हा तिचा आग्रह. १९३५ साली फ्रान्सने नाममान्यतेची व्यवस्था उभारली तेव्हा हाच हेतू होता. तणनाशक, रासायनिक खत आणि तळघरातले उपचार यांनी तो पोकळ केला, असे जोलींचे म्हणणे. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लेखनातला सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे, आणि तो मान्य करायला एकाही ग्रहाची मदत लागत नाही. याच दशकात कन्या व्हिर्जिनी जोली कामात आल्या आणि तळघराची जबाबदारी त्यांच्याकडे जात गेली.

पद्धतीची शास्त्रीय कसोटीही या काळात पुढे सरकली. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून बायोडायनॅमिक, सेंद्रिय आणि प्रचलित शेतीचे वाफे शेजारीशेजारी चालवले जात आहेत. त्यांचे एकवीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. पीक सुमारे २० टक्के कमी, पण खत आणि ऊर्जा ३४ ते ५३ टक्के कमी, आणि मातीतले जीवन स्पष्टपणे समृद्ध. पुरस्कर्त्यांनी हे निष्कर्ष डोक्यावर घेतले. त्यांनी एक गोष्ट बोलायची टाळली. बायोडायनॅमिक वाफ्यांना कुजवलेले शेणखत मिळत होते, म्हणजे तिथली सरशी हॉवर्डच्या ढिगाचीही असू शकते, शिंगाचीच असे नाही. जर्मनीत गायझनहाइमला २००६ पासून रीसलिंग द्राक्षावर अशीच तुलना चालू आहे. तिथे सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक दोन्ही वेलींची वाढ व उत्पन्न प्रचलित वेलींपेक्षा कमी आले, पण त्या दोघींत एकमेकींशी फार फरक पडला नाही. चंद्राच्या ‘फळ’ आणि ‘मूळ’ दिवशी वाइनची चव वेगळी लागते हा दावा न्यूझीलंडच्या पिनो न्वार वाइन जाणकारांना लेबल न दाखवता चाखायला देऊन तपासला गेला, २०१७ मध्ये निकाल छापून आला, आणि फरक सापडला नाही.

म्हणजे पुरावा एका रेषेत उभा राहतो. विषारी फवारण्या थांबवल्या, कुजलेले शेणखत दिले, पीक मर्यादित ठेवले की जमीन आणि द्राक्ष सुधारते. शिंग आणि राशी यांचे वेगळे योगदान दिसत नाही. यावर कोणी म्हणेल, मग शिंग टाका आणि सेंद्रिय व्हा. तर्काने हे बरोबर आहे. व्यवहारात मात्र ‘सेंद्रिय’ ही मनाईची यादी आहे, हे वापरू नका, ते वापरू नका. बायोडायनॅमिक हे करण्याचे वेळापत्रक आहे. व्रत करणारा माणूस नुसत्या पथ्यापेक्षा अधिक नेमाने वागतो, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही. व्रतकथेवर विश्वास न ठेवताही व्रताचा परिणाम मोजता येतो.

२०१० चे दशक आणि पुढे

मळा आज तीन वाइन करतो : सात हेक्टरांची कुले द सेरां, रोश-ओ-म्वान शिवारातली क्लो द ला बेर्झेरी आणि साव्हनियेर नावाखालची ले व्हिय क्लो. कारभार पुढच्या पिढीच्या हाती आहे. नवी वेल लावायची तर रोपवाटिकेतली एकसारखी कलमे न आणता आपल्याच जुन्या वेलींच्या काड्या निवडतात. या दशकांत आक्षेपांचे स्वरूपही बदलले, आणि त्यांतले दोन दखल घेण्यासारखे आहेत.

पहिला तांब्याचा. रसायने नको म्हणणारे मोरचूद मारतात आणि तांबे मातीत साठत राहते, नष्ट होत नाही. आक्षेप शंभर टक्के खरा आहे. युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली, डीमीटरचा नियम त्याहून कडक आहे. तरी प्रश्न मिटत नाही, फक्त लांबतो. ओल्या वर्षी ही मर्यादा पाळणारा उत्पादक पीक गमावू शकतो. पद्धतीची ही कच्ची बाजू आहे आणि गौरवाच्या लेखातही ती झाकू नये.

दुसरा आक्षेप पेल्यातला. कुले द सेरांची एक बाटली दुसरीसारखी नसते, काही बाटल्या उघडताच सफरचंदाच्या कापलेल्या फोडीसारख्या तपकिरी वळणाच्या लागतात, अशी तक्रार जाणकार समीक्षकांनी केली आहे. मळ्याचे म्हणणे असे की वाइन चोवीस तास आधी मोकळ्या भांड्यात ओतून ठेवा, फार गार करू नका, चौदा अंशांच्या आसपास प्या. बऱ्याच बाटल्यांना हे लागू पडते. पहिल्या दिवशी मिटलेली, मेण आणि वाळलेल्या गवताच्या वासाची वाइन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मध, बिही आणि ओल्या दगडाच्या वासाने उलगडते. अशक्त वाइन उघड्यावर इतके दिवस तग धरत नाही. पण प्रत्येक दोषाला ‘तिला वेळ द्या’ हे उत्तर चालणार नाही. बाहेरचे यीस्ट नाही, तापमानावर ताबा नाही, तर काही पिंपे भरकटणारच. एकसारखेपणा हवा असेल तर तो देणारे कारखाने पुष्कळ आहेत. जमिनीचे नाव सांगणाऱ्या वाइनने वर्षागणिक बदलावे हे समजते, एकाच वर्षीच्या दोन बाटल्यांनी बदलावे हे समजायला कठीण जाते.

ही पद्धत श्रीमंतांची, असेही म्हटले जाते. एकरी दीड टनावर कोणाचा संसार चालेल? ज्याच्या बाटलीला नऊशे वर्षांचे नाव आहे त्याचा चालेल, हे मान्य. म्हणून कुले द सेरांची नक्कल करण्यात अर्थ नाही. नाशिकमध्ये २००० नंतर हीच शेनिन ब्लाँ पसरली, पण तिथे ती वेगळे जिणे जगते. साव्हनियेरला वेल हिवाळाभर झोपते आणि थंडी सरली की आपण होऊन जागी होते. नाशिकला तिला झोपच नाही. वर्षातून दोनदा छाटणी, एप्रिलात खरड आणि पावसाळ्यानंतर गोडी, आणि सुगी जानेवारी ते मार्च. नाशिकला आंबटपणा राखण्यासाठी लवकर तोडतात, साव्हनियेरला पिकण्यासाठी शेवटपर्यंत थांबतात. घेण्यासारखे असेल तर वेळापत्रक नाही, वेळापत्रक पाळण्याची सवय.

थंड हवामान हा शब्दही आता सैल होतो आहे. लोआरची तोडणी पूर्वीपेक्षा लवकर येते, आंबटपणा उतरतो, अल्कोहोल चढते. उबदार मार्चमध्ये डोळे लवकर फुटतात आणि नंतरचा हिमतुषार त्यांना गाठतो. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सभर तसेच झाले. मळ्याच्या लोकांना तोडणीच्या फेऱ्यांचे गणित दरवर्षी नव्याने मांडावे लागते. शेवटची फेरी बहुधा ऑक्टोबरात होते, आणि त्याच सुमारास खड्डा खणून शेणाने भरलेली शिंगे पुरायला घेतात. नाशिककडे त्याच आठवड्यांत गोडी छाटणी झालेली असते, आणि न झोपलेल्या वेलीचे डोळे फुटावेत म्हणून काडीकाडीला हायड्रोजन सायनामाइड लावण्याचे काम चाललेले असते.